ताईंचे भुंगेरे

"विसरायचं नाही हं," असं म्हणून ताई भुंगेऱ्याला सुई टोचायच्या.

सुईच्या टोकाला मेलेले जंतू, चिमट्यात पिठात वाढलेला काळा भुंगेरा आणि आवाज पोराला शाळेत सोडताना असतो तसा. इथे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. टोचल्यावर भुंगेऱ्याच्या रक्तात जंतू मारणारी चिमुकली प्रथिनं तयार होतात, हे त्यांनीच मला शिकवलं. "लगेच नाही होत. रात्रभर थांबावं लागतं. पण मग पुष्कळ दिवस टिकतात." म्हणून टोचायचं काम त्या संध्याकाळी करायच्या, सगळे एमआरटीच्या ट्रेनकडे पळाल्यावर.

असंच एक नवं प्रथिन त्यांनी शोधलं. आमच्या सरांनी ते परिषदेत स्वतःच्या नावाने मांडलं. सर मुंबईचे, आपलेच मराठी. पडद्यावर ताईंचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी विचारलं तर म्हणाले, "अहो, टीमवर्क आहे. नावाचं काय घेऊन बसलात?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं बरं चाललेलं असतं, हेच डोक्यात जातं.

ताईंचा इथे राहून काम करायचा पास त्याच शोधाच्या भरवशावर वाढणार होता. तो वाढला नाही. सेरंगूनचा फ्लॅट सोडून त्या पुण्याला गेल्या.

पुढे मोठे पाहुणे प्रयोग बघायला यायचे होते. आदल्या दिवशी सरांनी स्वतः सुई धरली. ताई सकाळी रक्ताचा थेंब जंतूंच्या बशीत ठेवतात, एवढंच त्यांनी पाहिलेलं. टोचलं आणि लगेच रक्त काढलं. मी तोंड उघडलं नाही, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

पाहुण्यांसमोर त्यांनी थाटात झाकण काढलं. थेंबाभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं होतं. जंतू तिथेही मजेत वाढले होते. पाहुणे पुन्हा येऊ म्हणून गेले.

सर माझ्यापाशी आले. "त्या नेमकं काय करायच्या रे?"

"त्यांनाच विचारा ना, सर." मी त्यांच्याच फोनवरून नंबर लावून दिला, स्पीकरवर.

सरांनी नाव सांगितलं.

"कोण?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, आडनावासकट.

"लक्षात येत नाही हो," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण नावाचं काय घेऊन बसायचं? काम सांगा."

माझ्यादेखत काम सांगणं सरांना जमलं नाही. फोन बंद करून ते केबिनमध्ये गेले.

मला ताईंची फार आठवण आली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांच्या टेबलाशी बसलो आणि सुई उचलली.