घट्टमामा आणि खोकणारा पंप

घट्टमामांनी लावलेलं झाकण उघडायचं म्हणजे घरात दोन माणसं लागायची, एक बरणी धरायला आणि एक देवाचं नाव घ्यायला. स्वयंपाकाला बसायच्या आधी मामी मिठाची बरणी, तेलाचा डबा, साखरेचा डबा असं सगळं नवऱ्यापुढे मांडून ठेवत आणि म्हणत, "उघडा आणि मग कुठं जायचं तिकडं जा." मामा बंद करून गेलेल्या नळाला दुसरा कोणी हात लावला तर त्याला वाटे, पाणीच गेलंय. माणसाचं खरं नाव काहीतरी होतं, पण ते बारशाला आलेल्यांनाच ठाऊक, आणि त्यातले बरेचसे आता उरले नव्हते.

धंदा पंपदुरुस्तीचा. रस्त्याच्या वळणावर एक अरुंद खोली, तिचं शटर अर्ध्यावर अडकलेलं, त्यामुळे आत येणारा प्रत्येकजण वाकून येई आणि मामांना वाटे आपल्याला मान आहे. आत पंप पोट फाडून पडलेले, भिंतीला पाने लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले, जमिनीवर तेलाचे इतके थर की पडलेला बोल्ट आवाज करत नसे. या खोलीत मामांनी उभी हयात एकच काम केलं. जिथं गळतंय तिथं बुजवलं, जिथं सैल आहे तिथं आवळलं. पंपात हवा शिरली की आतला पंखा नुसता गरगरतो आणि पाणी येईनासं होतं, याला पंपानं हवा धरली म्हणतात. मामांच्या हातचा पंप हवा धरत नसे. "माझ्या पंपात मुंगीचा श्वास जायचा नाही," असं ते म्हणत, आणि मुंगीला विचारायला कोण जातंय?

त्यांची एकुलती लेक दिली होती गावाबाहेरच्या मासळीवाल्या घरात. मासळी म्हणजे बाजारातली नव्हे. विहीणबाई माशांची पिल्लं वाढवत. जिऱ्याएवढी आणायची आणि बोटाएवढी झाली की तळी राखणाऱ्यांना द्यायची. बोटाएवढ्या त्या पिल्लांना बोटुकली म्हणतात. घराच्या मागं सिमेंटच्या टाक्या, शेजारी पाणी साठवायचा खड्डा, आणि खड्ड्यातलं पाणी टाक्यांत फिरवायला एक जुना पंप. विहीणबाई बोलायला फटकळ, अंगानं काटक, आणि टाकीशी उभ्या राहिल्या की घरातल्या माणसांपेक्षा माशांशी गोड बोलत. त्यांचा मुलगा, म्हणजे मामांचा जावई, एवढं कमी बोले की लग्नात त्यानं होकार दिला होता की नुसती मान डोलावली होती यावर मामींना अजून शंका होती.

त्या पंपाचं बेअरिंग कुरकुरायला लागलं. विहीणबाई दोन दिवस माहेरी गेल्या होत्या. लेकीनं बापाला निरोप धाडला, जरा बेअरिंग तेवढं बघून जा.

मामा गेले आणि पंप बघून त्यांना लाजच वाटली. आपल्या लेकीच्या घरी असा पंप? आतला पंखा झिजून बोथटलेला, त्याच्या आणि कवचाच्या मधे बोट जाईल एवढी फट. खालून पाणी ओढणाऱ्या पाइपाचा जोड सैल, त्यावर एक फडकं गुंडाळलेलं. पंप चालताना ते फडकं फुसफुस करी, पंप म्हाताऱ्यासारखा खोके, आणि टाकीत पडायचं ते पाणी पांढरंफेक, दुधात पाणी घातल्यासारखं. मामांनी बाह्या सारल्या. बेअरिंग बदललं. पंखा नवा घातला आणि कवचाला अगदी लागू का नको असा बसवला. जोड आवळला. फडकं भिरकावलं. जुना पंखा दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला, तो त्याच संध्याकाळी भट्टीत गेला. पंप सुरू केला तर पाणी काचेसारखं, आणि धार अशी की जावयानं चक्क "वा" म्हटलं. मामा त्या एका शब्दावर खूश होऊन तिथंच मुक्कामाला राहिले.

पहाटे विहीणबाई माहेराहून परतल्या त्या थेट टाकीकडे गेल्या, आणि त्यांच्या हाकेनं घर उठलं. मोठ्या टाकीतली सगळी बोटुकली वर आली होती. पाण्याच्या कातडीला तोंडं लावून आ वासत होती. पाण्यात दम उरला नाही की मासे असे वर येतात, आणि तसेच राहिले तर दुपारपर्यंत उलटे तरंगतात. टाकीतलं ते सबंध मोसमाचं पीक होतं. विहीणबाईंनी जिऱ्यापासून हातानं वाढवलेलं.

मग जी धांदल उडाली ती बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. जावई बादलीनं पाणी उचलून उंचावरून ओतत होता, लेक चाळणीतून धार सोडत होती, विहीणबाई सुपानं पाणी झोडपत होत्या, आणि मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून तांब्या आपटत होते. हवा पाण्यात मिसळायची तर पाणी फोडावं लागतं. झोडपता झोडपता विहीणबाई म्हणाल्या की परवापर्यंत तर सगळी खाली मजेत होती, आजच काय झालं?

"उकाडा केवढा आहे, आई," लेक घाईनं म्हणाली. "वाराच नाही." आणि तिनं बापाकडे एक नजर टाकली. मामांनीही हो हो म्हणून आभाळाकडे बघितलं, जसा काही उकाडा तिथं लिहिलेला होता.

विहीणबाईंचं लक्ष मात्र पंपाच्या धारेवर गेलं. सूप थांबलं. "हे पाणी असं काचेसारखं कुणी केलं?"

आता हा प्रश्न मामांना आयुष्यभर हवा होता. छाती फुगलीसुद्धा. पण तोंड उघडलं आणि त्यांना उमगलं की या वेळी कौतुक आणि कबुली एकाच वाक्यात आहे. लेक मान हलवून नको म्हणत होती. मामांनी तांब्या खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले. "जोड मी आवळला. फडकं मी फेकलं. उकाड्याचा काही संबंध नाही."

विहीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "व्याहीबुवा, ते फडकं मी बांधलं होतं. मासे सुस्तावले की सैल करायची, पंप फारच खोकला की आवळायची. तो माझा हवेचा नळ होता."

मामांना ते फडकं आळस वाटला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण चुकलेला कारागीर रडत बसत नाही, पाना उचलतो. जोड पुन्हा सैल केला की झालं, असं म्हणून त्यांनी जोड सैल केला. पंपानं हवेचा एक घोट घेतला, उचकी दिली, आणि पाणी बंद. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. पंप थांबवून त्याच्या पोटात पाणी ओतलं, पुन्हा सुरू केला. पुन्हा एक घोट, पुन्हा उचकी, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बादली घेऊन निघालेल्या मामांना विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पंपाला पाणी पाजताय की पंप तुम्हाला?"

जुना झिजलेला पंप हवा गिळून पचवत होता, आणि नवा धट्टाकट्टा पंप एका घोटाला गुदमरत होता. हे मामांच्या डोक्यात काही केल्या बसेना. तोवर जोड परत बंद करून जावयानं पाण्याचा पाइप उंच बांबूवर बांधला, तोंडाला चाळणी लावली, पाणी शिंपडत पडू लागलं. माशांचा जीव त्यावर तगला, पण तगलाच. दिवसा बरं, पहाटे पुन्हा वर. लांबच्या कोपऱ्यातली तर खाली जायचं नावच घेईनात. असं फार दिवस चालणार नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. विहीणबाई टाकीजवळच खाट टाकून झोपू लागल्या.

मामांनी दुकानाचं शटर पूर्ण ओढलं, आणि ते पूर्ण खाली येतं हे गल्लीला तेव्हा कळलं. पाट्या रंगवणाऱ्याकडून त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचा एक जाड तुकडा आणला आणि पंपाचं पुढचं झाकण काढून त्या जागी तो बसवला. मग विहिणीच्या दारात पंप सुरू करून जोड थोडा सैल केला आणि सगळ्यांनी त्यावर डोकी वाकवली.

प्लॅस्टिकच्या त्या खिडकीतून पंपाचं पोट दिसायला लागलं. बुडबुडे आत येत होते. पाणी जड, ते कडेला भिरकावलं जात होतं. हवा हलकी, ती जात नव्हती. पंख्याच्या मधोमध तिचा एक पांढरा गोळा जमत होता, आणि पोळ्यासारखा वाढत होता. वाढता वाढता त्यानं पाण्याची आत यायची वाटच अडवली. पंप बंद.

"बघा कशी ठाण मांडून बसलीय," मामा म्हणाले. "दारात बसलेला जावई. पुढं होत नाही आणि उठ म्हणायची सोय नाही."

जावई हसला. मामांना घाम फुटला, पण तो खरंच हसला होता.

मामांनी पंख्याच्या पात्यांच्या कडा कानशीनं घासून कमी केल्या, जुन्या पंख्यात होती तशी, पण तिच्याहून लहान फट ठेवली. त्या फटीतून थोडं पाणी मागं फिरून गोळ्याला टोचू लागलं. पंप पहिल्यापेक्षा जास्त हवा गिळायला लागला, पण जोड जरा आणखी सैल केला की मधला गोळा हजर. पुन्हा उचकी. जुन्या पंख्याइतकी झीज करायची तर धार अर्ध्यावर यायची. मामा खिडकीपुढे उकिडवे बसून राहिले.

विहीणबाई माशांचं खाणं भिजवत मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसच्या दारात कोणी अडकून बसलं तर आतले ओढतात. ओढून कधी कोणी हलतं का? मागून रेटा लागतो."

"मागं पत्रा आहे, विहीणबाई. पंख्याच्या पाठीला अखंड पत्रा. मागून रेटणार कोण?"

"मग त्याला भोकं पाडा."

मामा विहीणबाईंकडे असे बघत राहिले, जसं काही त्यांनी मामांना दारू प्या म्हटलं. पंख्याच्या पाठीमागं दाबाचं पाणी कोंडलेलं असतं हे त्यांना ठाऊक होतं. पाठीला बरोबर मधल्या भागात भोकं असली तर ते पाणी बारीक धारांनी पुढं उसळणार आणि त्या गोळ्याच्या चिंधड्या करणार. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. फक्त आजवर कुणी भोक पाडलेला पंखा आणला की मामा त्याला दारातून परत लावत.

टाकीवर तोवर बादल्या चालू ठेवायला सांगून मामा घरी आले, त्यांनी पंखा बाकावर बांधला आणि ड्रिल हातात घेतलं. मामी जेवायचं विचारायला आल्या त्या दाराशीच थांबल्या. जन्मभर भोकं बुजवलेला माणूस कोऱ्या करकरीत पंख्याला भोक पाडत होता आणि ओठ असे आवळून होता की जणू टोक स्वतःच्याच अंगात शिरतंय. पहिलं भोक पडलं. मामांनी त्यावर अंगठा ठेवला. सवयच ती. मग अंगठा काढून दुसरं पाडलं.

पहिल्या खेपेला भोकं मोठी झाली. हवा फुटली, पण पाणीही मागच्या मागं फिरू लागलं आणि धार मेली. मामांनी ती पितळ भरून बुजवली, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं हे मामींनी पाहिलं. मग पुन्हा पाडली, बारीक, वाटाण्याहून लहान, मध्याच्या जरा बाहेर सरकवून. खिडकीतून बघितलं तर पांढरा गोळा जमायला आला की मागून धारा उसळत, त्याचे मोहरीएवढे तुकडे करत आणि ते तुकडे पाण्याबरोबर कडेला निघून जात. पुढून दुधाळ पाणी, आणि धारही दमदार. जुन्या पंपाच्या धारेला हिनं सहज मागं टाकलं असतं. मामांनी लोखंडी झाकण परत बसवलं. बोल्ट आवळले. ते मात्र कुणाला विचारून नाही.

जोडाला आता फडकं नव्हतं. मामांनी एक छोटी पितळी तोटी बसवली होती, हवी तेवढी हवा आत सोडायला. ती त्यांनी विहीणबाईंच्या हातात दिली, म्हणजे त्यांचा हात तोटीवर ठेवून दिला आणि स्वतः लांब सरकले. विहीणबाईंनी तोटी उघडली. पंप खोकला. टाकीत पांढरं पाणी कोसळलं.

"आता लगेच बघत बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "मासे लाजतात. जेवून घ्या."

जेवायला बसले खरे, पण मामांचा कान मागच्या दारात. पंप एका लयीत खोकत होता. मधेच थांबला. मामांचा घास हातात राहिला, लेकीनं वाढणं थांबवलं, जावयानं मान वर केली. एवढ्यात पंपानं मोठी ढेकर दिली आणि पुन्हा लय धरली. विहीणबाई तेवढ्या जेवत होत्या. "हवापाणी मानवलं हो याला," त्या म्हणाल्या आणि मामांच्या पानात आणखी वाढलं. व्याही आला की मोजून वाढणारी बाई ती. मामांनी ते ओळखलं आणि मुकाट खाल्लं.

हात धुऊन मामा टाकीवर गेले. मोठ्या टाकीत पांढरे तुरे उसळत होते, तळापर्यंत बारीक बुडबुड्यांचं धुकं पसरलं होतं. लांबच्या कोपऱ्यात पाणी संथ होतं. तिथं मामा वाकून बराच वेळ बघत राहिले. वर एकही मासा नव्हता. बाजूनं बघितलं, हाताची सावली करून बघितलं. काही म्हणजे काही दिसेना.

"काय दिसतंय, बाबा?" लेकीनं दारातून विचारलं.

"काहीच नाही," मामा म्हणाले, आणि बघतच राहिले.