न वाचता पुसलेलं

मंगळवार पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आम्हा आठ-दहा जणांचा मिळून एक सर्व्हर होता. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. जुने भाग जोडून मीच तो उभा केला होता, म्हणून देखभालही माझ्याकडेच. प्रत्येकाचं त्यावर खातं होतं. काळ्या पडद्यावर मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, एका ओळीची कमांड द्यायची, की तो ब्लॉगवर जायचा. प्रत्येकाच्या सगळ्यात नव्या लेखाच्या पहिल्या दोन ओळी एका सामाईक पानावर दिसत. ते पान तासातून एकदाच आपोआप बदलायचं.

आमच्यात एक रीत पडली होती. कुणी खातं उघडं ठेवून उठला, की दुसऱ्यानं त्याच्या ब्लॉगवर लिहायचं, ‘आज सगळ्यांना माझ्याकडून मिसळ.’ मग त्याला ती द्यावीच लागे.

त्या दुपारी माझा सगळ्यात जवळचा मित्र लिहीत बसला होता. त्याच्या वडिलांना विस्मरणाचा आजार झाला होता. घरून फोन आला, वडील कुठंतरी निघून गेलेत. तो तसाच धावला. कशासाठी धावला हे मला माहीत होतं, आणि तरी मी त्याच्या खुर्चीत बसलो. मिसळीची ओळ लिहिली. कमांड देताना सवयीनं ‘सगळे’ हा पर्याय टाकला. त्याचे सगळे कच्चे मसुदे, कुणाला न दाखवलेले, एका क्षणात प्रसिद्ध झाले.

घाबरून मी सगळं पुसलं, मसुद्यांसकट. एकही वाचला नाही. सामाईक पान मात्र मधल्या मिनिटात बदललं होतं आणि पुढचा तासभर तसंच राहिलं. पुण्याला नोकरीला असलेल्या त्याच्या थोरल्या भावानं ऑफिसमध्ये ते उघडलं. दोनच ओळी होत्या : ‘अण्णा आता मला ओळखत नाहीत. कधी कधी वाटतं, सुटावेत.’

वडील संध्याकाळी सापडले. मित्र दुसऱ्या दिवशी म्हणाला, “घाईत माझाच हात चुकला असंल. दादा लई बोलला.” मी म्हणालो, “असेल.” तो एक शब्द मी नंतर किती वेळा मनात म्हटला आहे.

काही महिन्यांनी वडील गेले. त्यांचं घर लिंगायत, त्यामुळे दफन. विभूती आणि बेल वाहायला धाकटा पुढं झाला तेव्हा थोरल्यानं त्याचा हात धरला.

“तू ऱ्हाऊ दे. तुझी सुटका झाली न्हवं?”

मित्र मागं सरला. मी चार पावलांवर बेलाची पानं घेऊन उभा होतो. माझी पाळी आली, मी ती वाहिली. त्यानंतर भावांचं बोलणं बंद झालं. मित्रानं लिहिणंही सोडलं. सर्व्हर बंद झाला, त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही.

सात वर्षांनी माझे वडील आजारी पडले. त्यांच्या उशाशी बसून एका सकाळी माझ्याही मनात तेच आलं, सुटावेत. मग मात्र मला राहवेना. गडमुडशिंगीला मित्राच्या घरी गेलो आणि अंगणात उभ्यानंच सगळं सांगितलं.

तो चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, “मातीच्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरलीतीस की.”

“धरली होती.”

“मग मला सांगून काय उपयोग, मर्दा? दादाला सांग.”

घरी येऊन मी पुण्याला फोन लावला. दादांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मिसळीची रीतसुद्धा मी सांगितली.

“त्या दोन ओळींच्या पुढं काय लिहिलं होतं त्यानं?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, दादा. मी न वाचताच पुसलं. प्रत नाही.”

पलीकडं पेन शोधल्याचा आवाज आला.

“त्यालाच विचारतो,” ते म्हणाले. “नंबर दे त्याचा.”

मी नंबर सांगितला. त्यांनी तो एकेक आकडा परत म्हणून दाखवला.