आईने पाहिलेला चारमिनार

वर्गात पोरं भुताखेताचं काही काढायला लागली की मी सरळ खडू उचलतो आणि फळ्यावर भिंग काढून दाखवतो. वीस वर्षं झाली विज्ञान शिकवतोय. अंगात येणं, भानामती, नजर लागणं... यातलं काहीच माझ्यापुढे टिकलेलं नाही, आणि त्यावरून गावात अर्ध्या लोकांशी मी भांडून बसलोय. तरी हे लिहितोय. यात भूत नाही. यात आहे तो माझा खोटेपणा – आणि त्यानंतर जे झालं, ते माझ्या कुठल्याच भिंगातून दिसेना.

आम्ही वालूरचे. आईचं वय पंच्याहत्तरच्या आसपास. काचबिंदूने तिची नजर दहा वर्षांपूर्वी पार गेली, आता उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. तेव्हापासून घरात एक सवय पडली. मी तिला सगळं सांगायचं. दारात कोण आलं, त्याच्या अंगावर काय आहे, आभाळ कुठून भरलं, कोणाच्या म्हशीने कोणाच्या वावरात तोंड घातलं. लग्नाला गेलो तर मांडवात तिच्या कानाशी बसून मी अख्खं लग्न सांगतो. लोक म्हणतात, गुरुजी कॉमेंट्री झकास करतात.

तिची एकच हौस राहिली होती – हैदराबाद. निजामाच्या काळात आणि पुढे छप्पन सालापर्यंत आमच्याकडच्या लोकांची राजधानी तीच. तिचे वडील कोर्टाच्या कामाला तिकडे जायचे आणि परत आले की या पाच-सहा वर्षांच्या पोरीला म्हणायचे, तुला एकदा चारमिनारावर नेतो. ते काही झालं नाही. लग्न झालं, आम्ही झालो, नजर गेली.

"दिसत न्हाई तर काय झालं? तू हाईस की सांगायला," ती म्हणायची.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सेलूला असतात. त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅराव्हॅन करून घेतलीय. दोन बर्थ, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. बहिणीला गाडी लागते, त्यामुळे खुद्द मालकीणबाई त्यात कधी बसत नाहीत! दिवाळीच्या सुट्टीत दाजी, मी, माझी बायको सुषमा आणि आई असे चौघे निघालो. नांदेड, देगलूर करत वाटेत एक मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादेत.

सकाळ फार सुंदर गेली. गोवळकोंड्याच्या दरवाज्यात टाळी वाजवली की पार वर किल्ल्यात ऐकू जाते म्हणतात. सुषमाने आईला कमानीखाली उभं केलं. आईने टाळी वाजवली, आवाज घुमला, आणि ती अशी हसली की काय सांगू... मग वाजवतच राहिली. मागे लोक खोळंबले. नंतर हुसेनसागराच्या काठावर पदर डोक्यावरून घेऊन ती बराच वेळ वारा खात बसली. मी बोटी मोजून सांगत होतो.

दुपारी चारमिनारकडे वळलो आणि फजिती सुरू झाली. ही गर्दी! एका चौकात पोलिसाने शिट्टी मारली, "इत्ती बडी गाडी किदर लेके जारे मियाँ?" वळवली. दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा तेच. दाजी घामाने निथळत होते.

"गुरुजी, मला न्हाई जमत आता. क्लचचा वास यायलाय."

"आपण रिक्षा करू ना," सुषमा म्हणाली.

माझंही डोकं तापलं होतं. तिच्यावरच खेकसलो, "एवढ्या गर्दीत आईच्या गुडघ्यांचं काय? आणि नेऊन तरी काय दिसणार आहे?" आई मागच्या बर्थवर होती. तिने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही.

शेवटी चारमिनारपासून चार-पाच किलोमीटरवर एका मैदानात टुरिस्ट बस लागल्या होत्या, तिथे लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली. इंजिन बंद झालं तशी आई उठून बसली.

"आलं का रं?"

आणि मी म्हणालो, "हो आई. आलं."

का म्हणालो? थकलो होतो, चिडलो होतो... काहीही सांगता येईल, पण खरं म्हणजे सोपं होतं म्हणून म्हणालो. सुषमाने माझ्याकडे असं पाहिलं की मान खाली गेली. पण तोंड थांबेना. समोर चार मनोरे आहेत, चारी बाजूंना घड्याळं आहेत, दगड भाजक्या शेंगांच्या टरफलासारखा दिसतोय... मी आयुष्यात चारमिनार पाहिला नव्हता. मोबाईलवर फोटो बघून सांगत होतो.

"वर जाऊ देतेत का?"

"बंद केलंय आजकाल."

"असं व्हय," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तेव्हा तीन वाजत आले होते. आम्ही तिघे दारातच खुर्च्या टाकून चहा करत बसलो. गाडीला दार एकच, आणि त्या दारातून कोणी उतरलं नाही. हे मी शपथेवर सांगतो.

साडेतीनला तिने हाक मारली. आत गेलो तर ती बसलेली, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, आणि हसत होती.

"लय उंच हाय रे."

"काय?"

"पायऱ्या. गोल गोल, अरुंद. मधीच एक पायरी दुसऱ्याच दगडाची हाय, गुळगुळीत... गार लागती पायाला. वर कमानीच्या कोपऱ्यात चुन्याचं फूल हाय, हितं, माझ्या खांद्याशी. एक पाकळी न्हाई त्याला. हात फिरवला मी. मग खाली बघितलं."

"बघितलं?"

"व्हय. पिवळं ऊन पडलं होतं. बाया बांगड्यांच्या दुकानावर वाकल्या होत्या. कबुतरं एकदम उठली आन सगळं आभाळच हालल्यावानी झालं... लय बरं वाटलं रे."

दाजी हळूच म्हणाले, "सपान पडलं असंल." मलाही तेच वाटलं. मनातून सुटल्यासारखंही वाटलं... खोटं बोललो, पण म्हातारी खूश झाली ना.

रात्रीच्या मुक्कामावर सुषमा तिचे पाय चेपत होती. मला म्हणाली, "अहो, या पोटऱ्या बघा. दगड झाल्यात." खरंच गोळे आले होते. दिवसभर पाय लोंबकळत बसली म्हणून, असं मी सांगितलं. कारण द्यायला माझ्याकडे कधी कमी नसतं!

आमच्याकडे कोणी लांबची यात्रा करून आलं की आळीतल्या बाया जमतात, त्याच्या पाया पडतात आणि यात्रा ऐकतात. गावी परतल्यावर आईभोवती तशाच जमल्या. ती सांगत होती. उठताना एकेक बाई तिच्या पाया पडली. मला ते बघवेना. गोठ्यामागे जाऊन रडलो हो मी. जी बाई फक्त माझ्या शब्दावर जगते, तिला मी एका रिक्षाच्या कंटाळ्यासाठी फसवलं होतं.

फेब्रुवारीत शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला हैदराबादला जाणं झालं. मांडवातून उठून एकटाच चारमिनारला गेलो. वर जाणं चालू होतं. तिकीट काढलं, चपला हातात घेतल्या आणि चढायला लागलो. अर्ध्याच्या वर गेल्यावर पाय दचकला. एक पायरी – गुळगुळीत, गार.

वर कमानीच्या कोपऱ्यात फूलही होतं. माझ्या छातीशी येत होतं, म्हणजे आईच्या खांद्याशी. एक पाकळी नव्हती. मी त्या जागेवर बोट ठेवून उभा राहिलो. मागून कोणी तरी म्हणालं, "चलो चाचा, आगे चलो," पण पाय उचलेना.

परतताना गाडीत डोकं चालवलं. तिच्या वडिलांनी लहानपणी सांगितलं असेल. ठीक. पण त्यांनी फुलाची उंची म्हाताऱ्या पोरीच्या खांद्यावरून कशी सांगितली असेल? आणि पोटऱ्यांचं काय?

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मी समोर बसलो. "आई, त्या दिवशी आपण चारमिनारला गेलोच नव्हतो. मैदानात होतो. मी खोटं बोललो तुझ्याशी."

तिचे हात थांबले. मग पुन्हा एक शेंग फोडली.

"तू न्हाई आलास, ते ठाऊक हाय मला. वरून दोनदा हाक मारली तुला."

"मग तू कशी गेलीस?"

"कशी म्हंजी? तू म्हणलास आलं, म्हणून उतरले. दहा वर्सं तुझ्याच बोलण्यावर चालायलेय की मी. तू पायरी म्हणलास की पाय उचलते."

एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या मी.

कोणाकडे काही कारण असेल तर जरूर सांगा, मी भांडणार नाही. पुढचा पावसाळाही सरला, माझ्याकडे आजही नाही. काल तिने विचारलं, तुरीला फुलं लागली का रं? सवयीने "हो" तोंडावर आलं होतं. गिळलं. चपला घातल्या, वावरात जाऊन बघितलं, आणि मग येऊन तिला सांगितलं.