जिलेबीआधीची ग्रामसभा

आमच्या गावात देश वर्षातून दोनदा भरायचा, आठवडे बाजार भरतो तसा. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, सकाळी साडेसातला. साडेआठच्या सुमारास तो उठायचा. मधल्या तासाभरात प्रभातफेरी, झेंडावंदन, दोन भाषणं आणि जिलेबी एवढं आटपायचं. उरलेली जिलेबी पुरुष माणसं कागदात बांधून घरी न्यायची. बायकांच्या वाट्याला प्रजासत्ताक असं कागदातून यायचं.

गाव जुन्नर तालुक्यातलं, ओतूरच्या बाजारावर अवलंबून असलेलं. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. झेंडावंदनाची बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवता येई, कारण तिच्यात बदलण्यासारखं काही नसे. ‘उत्साहात’ हा शब्द ठरलेला होता.

झेंडावंदन झालं की पंचायतीच्या त्याच आवारात ग्रामसभा असायची. म्हणजे असायला हवी होती. शंभर मतदार हजर असल्याशिवाय सभा सुरू करता येत नव्हती आणि जिलेबी संपली की आवारात ग्रामसेवक, शिपाई आणि चार-दोन कुत्री एवढेच उरत. ग्रामसेवक घड्याळ बघून सभा तहकूब करी. तहकूब सभेला मात्र संख्येची अट नसते. त्यामुळे आठवड्याभराने सरपंच आणि त्यांच्या बैठकीतले पाच-सात जण पंचायतीत जमत आणि चहा येईपर्यंत सगळे ठराव उरकत. वहीत प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलेलं असे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. लोकांच्या मते देश म्हणजे झेंडा आणि ग्रामसभा म्हणजे सरपंचांचं काम.

अडचण फक्त कालव्यापलीकडच्या वस्तीला होती. तिथली घरं मूळची मेंढ्या राखणाऱ्यांची. आता बहुतेकांची थोडी शेती झाली होती. पूर्वी तिथली पोरं सरळ पायवाटेने गावच्या शाळेत येत. मग मधून कालवा गेला. पूल झाला, पण दोन मैल खाली. पोरांनी जवळचा रस्ता शोधला: कालव्यावर आडवा टाकलेला, मळ्याला पाणी नेणारा लोखंडी पाइप. दिवाळीनंतरच्या आवर्तनात, कालवा भरून वाहत असताना, वस्तीवरच्या एका मावशींची नात त्या पाइपवरून घसरली. एका मेंढक्याने काठी पुढे केली म्हणून वाचली. तेव्हापासून मावशींनी तिला शाळेत पाठवलं नव्हतं.

शाळा जवळ नसेल तिथे वस्तीशाळा द्यायची योजना तेव्हा नवी होती. तिला ग्रामसभेचा ठराव लागत होता आणि तो महिना संपायच्या आत पंचायत समितीत पोचवायचा होता. महिना जानेवारीचा. तहकूब सभा भरणार फेब्रुवारीत.

त्या वर्षी जिलेबीचा मान वस्तीने मागून घेतला. हा मान आळीपाळीने एकेका भावकीकडे असे. वस्तीकडे तो कधी आला नव्हता. सरपंच खूश झाले. सव्वीस जानेवारीला मावशी ओतूरहून टेम्पोतून जिलेबीच्या पाट्या घेऊन आल्या, त्यांनी त्या पंचायतीच्या खोलीत ठेवल्या आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. झेंडावंदन झालं. शाळेच्या पोरांना दोन-दोन जिलेब्या मिळाल्या. मग पाट्यांवर फडकं पडलं.

“मावशी, वाटा की आता,” सरपंच म्हणाले. “गार व्हतीया.”

“पोरास्नी दिली न्हवं भाऊ. मोठ्यांची सभा झाल्यावर.”

“सभा? कसली सभा?”

“वहीत लिवता ना तुमी, ती.”

“आयला, जिलेबीला ओलीस धरलं राव मावशीनं!” मागून कुणीतरी ओरडलं. आवार हसलं.

हसले नाहीत ते सुभेदार. फौजेतून निवृत्त झाल्यापासून झेंड्याची दोरी त्यांच्याच हातात असे. सूर्यास्ताला झेंडा उतरेपर्यंत ते आवार सोडत नसत.

“मावशी, झेंड्याखाली लालूच दाखवणं बरं नाही,” ते म्हणाले. “देशासाठी आलेला माणूस खाण्यासाठी थांबला, तर ते दिसायला कसं दिसतं?”

“सुभेदार, तो दरसाल कशापायी थांबतो ते मी बघती की.”

लोक थांबले. जिलेबीसाठी थांबले की गंमत बघायला, हे सांगता येत नाही. ग्रामसेवकाने वही उघडली आणि सह्या सुरू झाल्या. सह्यांचीही एक रीत होती. माणूस आपली सही करी, मग भावाची, मग चुलत्याची, मग मुंबईला टॅक्सी चालवणाऱ्या पोराची. घरातून एक माणूस आला म्हणजे घर आलं, असा सगळ्यांचा प्रामाणिक समज होता. वीस मिनिटांत ग्रामसेवक म्हणाला, “एकशे चौदा. झाली संख्या.”

मावशी उठल्याच.

“थांबा,” सुभेदार म्हणाले. “एकशे चौदा सह्या झाल्या. आता माणसं मोजू.”

त्यांनी सगळ्यांना भिंतीला लावून मोजलं. बहात्तर भरली.

“सुभेदार, कशाला ताणताय राव?” सरपंचांना खरं तर सभा व्हायची घाई नव्हती, पण रीत मोडलेली त्यांना आवडली नाही. “मुंबईवाला बी गावचाच हाय की.”

“गावचा आहे, हजर नाही. गैरहजर जवानाची सही दुसऱ्याने केली तर पलटणीत काय होतं, ठाऊक आहे?”

“हितं कुठाय पलटण?”

“तेच तर म्हणतोय मी.”

मावशींचा चेहरा पडला. “चालू द्या की सुभेदार,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पोरींचं काम हाय. आज न्हाई झालं तर गेलं.”

“काम चांगलं असलं तरी खोटी सही ती खोटीच.”

दोघे-तिघे निघायच्या बेताने चपला शोधू लागले. मावशींनी ग्रामसेवकाला विचारलं, “साहेब, बाया मतदार हायेत का न्हाईत?”

“आहेत की.”

“मग सुभेदार, तुमच्या घरची दोन माणसं मोजायची राहिलीत.”

आवार पुन्हा हसलं, पण या वेळी जरा बेताने. कारण सगळ्यांच्याच घरची माणसं मोजायची राहिली होती. झेंड्याजवळ शिपायाला उभं करून सुभेदार घरी गेले. तेवढ्यात मावशींनी टेम्पो कांदालागणीच्या रानांकडे पिटाळला.

अर्ध्या तासात टेम्पो भरून बाया आल्या, पदर खोचलेल्या, हात चिखलाने भरलेले. काही उतरायला लाजत होत्या. पुरुष बाजूला सरकले. कुठे बसवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. सुभेदार परत आले, त्यांच्या मागे दोन पावलांवर त्यांची बायको आणि सून. सुभेदारीणबाईंनी मान वर करून झेंडा पाहिला.

“लई उंच बांधलाय की वो.”

“फडकवलाय म्हणावं,” सुभेदार म्हणाले.

गैरहजरांच्या सह्या खोडून पुन्हा मोजणी झाली. एकशे सहा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठे लावले. गावाच्या माहितीत पहिल्यांदाच सव्वीस जानेवारीची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला सुरू झाली.

वस्तीशाळेचा विषय निघाला तशी सरपंचांनी टोपी सारखी केली. ते वाईट माणूस नव्हते. गावच्या शाळेचा पट कमी झाला तर एक मास्तर जाईल, ही त्यांची भीती खरी होती. पण ते बोलले वेगळंच. “एक गाव, एक झेंडा, एक शाळा. आज वस्तीला दिली, उद्या वरची आळी मागंल. गावाचे तुकडे करायचे का? देश बी असाच फुटतो.”

सुभेदारांनी मान डोलावली. “आमच्या पलटणीत सगळीकडची पोरं एका रांगेत बसून जेवायची. वेगळं बसवलं की माणूस वेगळा होतो.”

“आमाला कुठं वेगळं बसायचंय?” मावशी म्हणाल्या. “पण तुकडा आमी न्हाई पाडला. मधी कालवा कुणी खणला? आमच्या मेंढरांनी?”

“पूल हाय की!” कोपऱ्यातून आवाज आला.

“हाय, दोन मैलावं. तुझं पोरगं चालंल का रोज?”

मग चिखलाच्या हातांची एक बाई उभी राहिली. सभेत कसं बोलतात हे तिने कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ती शेजारणीशी बोलावं तसं बोलली. “त्या पाइपवरनं मी सवता गेलीया, लागणीला जाताना. पाय नुस्तं लटलट कापत्यात. मोठ्या माणसाची ही गत, मग पोरांचं काय वो?” आणि ती पटकन खाली बसली.

हात वर करून मतं घ्यायचं ठरलं. मोजायला सुभेदारच हवेत, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. ते ओळीओळीने फिरले, प्रत्येक हाताकडे बोट दाखवत, आकडा मोठ्याने म्हणत. आपल्या बायकोच्या वर आलेल्या हातापाशी ते क्षणभर थांबले. बाईंनी हात खाली घेतला नाही. “सत्तेचाळीस,” असं म्हणून ते पुढे गेले.

बाजूने अठ्ठावन्न, विरोधात एकेचाळीस. विरोधातला शेवटचा हात त्यांचा स्वतःचा होता. तोही त्यांनी मोठ्याने मोजला. उरलेल्यांनी हात खिशात किंवा पदरात ठेवले होते.

ग्रामसेवकाने वहीत ठराव उतरवला आणि सवयीने खाली ‘सर्वानुमते’ लिहिलं.

“खोडा ते,” सुभेदार म्हणाले. “सर्वानुमते नाही, बहुमताने. मी विरोधात होतो, माझं नाव लिहा.”

“सुभेदार, आता कशाला वो? झालं न्हवं का मंजूर,” सरपंच म्हणाले. हरल्यावरही त्यांना वही स्वच्छ हवी होती.

“मंजूर झालं ते खरं. मी विरोधात होतो, हेही खरंच.”

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. “लिवा की त्यांचं नाव,” त्या म्हणाल्या. “लाज कसली त्यात? पण मंजूर तेवढं मोठं लिवा.”

ठरावाची नक्कल हातात पडेपर्यंत त्या पुन्हा उंबऱ्यावर बसून राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. ‘मंजूर’ कुठे लिहिलंय ते त्यांनी आधी ग्रामसेवकाला विचारलं, मग खात्रीसाठी सुभेदारांना. दोघांनीही एकाच जागी बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी कागदाची घडी केली आणि पाट्यांवरचं फडकं काढलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्या जुन्नरला गेल्या.