काचेवरचा उजेड

कॅमेऱ्याचा पोलरायझर फिल्टर काचेसमोर धरूनच निवडावा लागतो. दुकानदाराने दोन फिल्टर पुढे ठेवले आणि शोकेसकडे बोट दाखवलं. "समोरून नाही, काका. जरा तिरके उभे राहा आणि रिंग हळूहळू फिरवा." मी एक फिल्टर डोळ्यासमोर धरून ती फिरवली, तसा काचेवरचा रस्त्याचा उजेड विझत गेला आणि आतले जुने कॅमेरे स्वच्छ दिसू लागले.

"कशाचे फोटो काढता?"

तळ्याचे, म्हणालो.

खरं तर मला भिंतीवरचा बायकोचा फोटो बघायचा होता. त्याच्या काचेवर पडणाऱ्या खिडकीच्या उजेडामुळे माझ्या खुर्चीतून तिचा चेहरा कधी नीट दिसतच नाही. ती गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो घरात सापडला नाही. एका लग्नातल्या आमच्या फोटोतून मला कापून, मागे निळा रंग भरून स्टुडिओवाल्याने तो दहाव्याच्या आत करून दिला होता.

घरी खुर्चीत बसून रिंग फिरवली. चेहरा दिसला, केसांतला गजराही दिसला. आणि तिच्या खांद्यावर चार बोटं दिसली, घाईत पुसायची राहून गेलेली. माझी.

इतकी वर्षं मी उजेडाला दोष देत होतो. तो बिचारा झाकत होता. मी रिंग उलटी फिरवली आणि खिडकी पुन्हा तिच्यावर येऊ दिली.