मागून आणलेला देव

घर तपासायला आलेल्या संस्थेच्या मॅडमनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं आणि विचारलं, "हे कोण?"

मला सांगता येईना. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, माशावर बसलेला. घर आमचं, भिंत आमची, खिळा आमचा. पण फोटोतल्याचं नाव माहीत नाही.

"देव आहेत," मी म्हटलं.

"कोणते?"

आमचे हे फरशीकडं बघत उभे. मॅडम हसल्या. सोबत फाईल धरून आलेला संस्थेचा क्लार्कही हसला. मग त्याच म्हणाल्या, "अहो, हे झुलेलाल. सिंध्यांचे. तुम्ही कधीपासून सिंधी झालात?"

फोटो लहान होता. दोन हजार पाचच्या पुरानंतर आम्ही घराला रंग दिला होता, तो फोटोभोवतीच्या मोठ्या चौकोनात अजून नवा दिसत होता. मॅडमनी तो चौकोनही पाहिला. तिथं आधी कोण होतं, हे विचारायची त्यांना गरज पडली नाही.

बाबासाहेब होते. ते मी काढले होते. दुसऱ्या कुणी नाही, मी. आदल्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून काढले, जुन्या साडीत गुंडाळले आणि पलंगाखाली सारले.

का काढले, तेही सांगते. बदलापूरच्या एका संस्थेत पिंकी होती, चार वर्षांची. बाप सोडून गेलेला, आई दवाखान्यात. अशा पोराला आई बरी होईपर्यंत कुणी आपल्या घरी वाढवायचं. दत्तक नाही, नाव तिचं तिलाच राहणार. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. हे अंबरनाथला कंपनीत, मी कॅम्प पाच या वस्तीत जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला. आम्ही अर्ज केला. सहा महिने दर रविवारी विठ्ठलवाडीहून तिला भेटायला गेलो. पोर माझा पदर बोटाला गुंडाळून बसायची. निघायची वेळ झाली की सोडायची नाही. एकेक वेढा मला उलगडावा लागायचा. घरी येऊन मला घास गिळवत नसे. ही पोर आली नाही तर मी वेडी होईन, असं मला खरंच वाटायचं.

पोलिसांचा दाखला झाला, डॉक्टरचा झाला. राहिली घरभेट. तेव्हा त्या क्लार्कनं यांना बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी चांगल्या घरची आहे, मॅडम देवघर बघतात, तेवढं जरा सांभाळा. चांगल्या घरची. घर एवढं चांगलं असतं तर पोर संस्थेत कशाला आली असती? पण तेव्हा मला हे सुचलं नाही. आमच्यात देव नाहीत, सासऱ्यांच्या वेळेपासून नाहीत. मग आणायचा कुठून? शेजारच्या सिंधी आंटींकडं गेले. म्हटलं, दोन दिवस एखादा देव द्या. त्या भल्या बाईनं काही विचारलं नाही. होता तो दिला, पदरानं पुसून. नाव विचारायचं मला काही सुचलं नाही.

मॅडमनी मग स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. टोपावरचं झाकण पेनाच्या टोकानं उचललं. दिलेलं पाणी तसंच राहिलं. जाताना दारात म्हणाल्या, "तुमचं मन चांगलं आहे हो. पण उद्या पोरीला तुमच्यातल्या सवयी लागल्या, तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

आणि मी हात जोडले. हीच गोष्ट मला जास्त खाते. मी म्हटलं, "मॅडम, मटण-मच्छी बंद करते. सगळं बंद करते. पोरगी द्या."

त्या गेल्यावर हे पहिल्यांदा बोलले. आवाज चढवला नाही.

"ती आली असती आणि तिनं विचारलं असतं, हे कोण, तर काय सांगणार होतीस?"

मला रडूही येईना, एवढी लाज वाटली. शाळेत मागं बसवलं होतं, कारखान्यात माझा ग्लास वेगळा ठेवला होता. ते दुसऱ्यांनी केलं होतं. हे मी केलं, माझ्या हातानं, स्टूल लावून. संध्याकाळी झुलेलाल आंटींना देऊन आले. बाबासाहेब यांनीच परत लावले. मला हात लावायचा धीर झाला नाही.

आठवड्यानं संस्थेत बोलावलं. कागद टाईप करून तयार होता. 'घरगुती अडचणीमुळे आम्ही स्वखुशीने अर्ज मागे घेत आहोत.' खाली आमच्या सह्यांची जागा. मॅडम म्हणाल्या, सही करा, म्हणजे तुमचंही नाव खराब होत नाही. बाहेर व्हरांड्यात पिंकीचा आवाज येत होता. रविवार नव्हता, आम्ही आल्याचं तिला कळलं नव्हतं.

मी कागद दोनदा वाचला. नववीपर्यंत शिकलेय.

"घरगुती अडचण काही नाही," मी म्हटलं. "जयभीमवाले आहेत म्हणून पोरगी देत नाही, असं लिहा. सही तुम्ही करा. शिक्का मारा."

"असं कुणी लिहून देतं का?"

"मग आमचा अर्ज चालू आहे."

त्यांनी आमच्या रविवारच्या भेटी बंद केल्या. पिंकी अजून तिथंच आहे. मला विसरली असेल, या विचारानं काळीज तुटतं. लोक सांगतात, दुसऱ्या संस्थेत जा, आडनाव जरा फिरवून सांगा. नाही. मी दर सोमवारी कामाचा खाडा करून, पोर कुणाकडं द्यायची ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीच्या दारात बसते. पोर आली तर मी जी आहे तिच्या घरात येईल. नाही आली, तर का नाही, हे कुणाला तरी स्वतःच्या हातानं लिहावं लागेल. ते लिहून घेतल्याशिवाय मी उठणार नाही.