अंगासरसं बसलेलं पोलकं

आमच्या घरात शिंप्याकडं कापड टाकायची पद्धतच नव्हती. परकर-पोलकी आई हातानं शिवायची. कापड कंट्रोलचं, तेही रांगेत ताटकळून आणलेलं, त्यामुळं चिंधी वाया गेलेली तिला खपायची नाही. मोजायची पट्टी कुठली असणार? वीत आणि बोटं हीच मापं. जुनं पोलकं नव्या कापडावर पसरायचं, दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड सोडायचं आणि मग कात्री लावायची. शिवणीच्या आत दडवलेल्या त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. पोर वाढली की शिवण उसवायची, थोडी माया सोडायची, पुन्हा टाके घालायचे. शेजारणी हसायच्या, "बाई, तुझ्या पोलक्यात अजून एक पोरगी मावंल की!" आई म्हणायची, "मावू दे. वाढतं अंग हाय."

माझी थोरली बहीण, अक्का, पंधरा-सोळाची होती. नेसरीकडच्या एका घरानं तिला पसंत केलं होतं. लग्नाचा बार उन्हाळ्यात उडवायचा होता. दिवाळीत शिवलेलं तिचं पोलकं संक्रांतीला अंगावर लोंबायला लागलं. आई आधी स्वतःवरच करवादली, "मेलं कापतानाच चुकलं माझं!" उसवलं, आत घेतलं, शिवलं. थोड्याच दिवसांत पुन्हा सैल. तेव्हा मात्र ती नुसती सुईत दोरा ओवून बसली.

अक्का खोकायची. तिसऱ्या प्रहरी तिचं अंग तापायचं. मी तिच्याच वाकळेत झोपायचे, तिची हाडं मला टोचायची. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "पोर खंगलीया गं. डाक्टरला दाव." आई असली उसळली! "तुझ्या जिभेला काय हाड?" म्हणत तिनं म्हातारीच्या तोंडावर दार लावलं. क्षय हा शब्द गल्लीत फुटला असता तर अक्काचं लग्न मोडलं असतं, आणि पुढं मलाही कुणी करून घेतलं नसतं. हे आईनंच मला सांगितलं. "आबांस्नी काय बोलायचं न्हाय. सासरी दूधदुभतं हाय. लगीन झालं की अंग धरंल."

आबा, म्हणजे आमचे वडील, गुळाच्या अडतीत वजन करायच्या कामाला होते. हंगामात सकाळी जायचे ते दिवेलागणीनंतर यायचे. एकदा जेवताना त्यांनी अक्काकडं निरखून बघितलं. "पोरगी बारीक दिसतीया काय गं?"

"काय तरीच तुमचं! पोलकं बघा की कसं घट्ट बसलंया. बारीक झाली असती तर सैल न्हाय का झालं असतं?"

आबांना ते पटलं. आमच्या घरात पोलकं घट्ट झालं म्हणजे पोर वाढली, एवढंच त्यांना आयुष्यभर ठाऊक. "व्हय की! आता माया सोडायला झाली हिची," म्हणून ते हसले, आणि अक्काही हसली. 

आबा कामावर गेले की दुपारी आई ते पोलकं उसवून आणखी आत घ्यायची. अक्का जुनेर गुंडाळून भिंतीला टेकून बसायची. एक दिवस ती म्हणाली, "आई, सैल ऱ्हाऊ दे गं. आबांस्नी कळू दे की."

"गप. हात वर कर."

होळीच्या आधी अक्काला न्हाणीत रक्ताची उलटी झाली. आबा त्या दिवशी घरी होते. त्यांनी तिला उचललं आणि टांग्यात घातलं. आई पाय ओढत मागून आली, मीही गेले. डॉक्टरांनी तपासायला हात लावला, तर बरगडीशी कापडाची जाड वळी. "हे काय बांधलंय?" आतल्या घड्या घासून अक्काची कातडी लाल सोलवटली होती. डॉक्टरांनी कात्रीनं टाके कापले. माया सुटत गेली, सुटत गेली, आणि पोलक्याची बाजू उघडी पडून खाटेखाली लोंबायला लागली. आबांनी ते कापड हातात धरलं. "एवढी?" म्हणाले. "एवढी गेली?"

"मिरजेच्या दवाखान्यात न्या," डॉक्टर म्हणाले, "पण फार उशीर केलात."

मिरजेहून तिला परत घरी आणली ती फक्त घरी आणायची म्हणून. लग्न ज्या महिन्यात व्हायचं, त्याच महिन्यात ती गेली. आबा आईला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कुंवार पोर, म्हणून तिला लग्नासाठी शिवलेलं हिरवं पोलकं घातलं. ते आईनं नेहमीसारखं वाढत्या अंगाचं बेतलं होतं, आत घेतलेलं नव्हतं. दारात गल्ली जमली होती. आईनं त्या पोलक्याची बाजू मुठीत धरून बाहेर ताणली आणि मोठ्यानं ओरडली, "बघा गं बायांनो! बघा केवढं सैल होतंया माझ्या लेकीला!"

बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या.